सोळा दिवसांचा बर्फ आणि नंतरची वर्षे

हिवाळी ऑलिंपिक किंवा आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जवळ आली, की तिथल्या रिंकबद्दल दोनच प्रकारचे लेखन वाचायला मिळते. पहिल्या प्रकारात हॉलमध्ये बसणाऱ्या प्रेक्षकांची संख्या, छताचा आकार, वास्तुरचनाकाराचे नाव आणि खर्चाचा आकडा असतो. नवा हॉल जुन्यापेक्षा मोठा आहे, म्हणून खेळ पुढे गेला, असा त्याचा सूर असतो. दुसऱ्या प्रकारात तोच खर्चाचा आकडा आरोपपत्र म्हणून मांडलेला असतो: एवढा पैसा कशाला, आणि स्पर्धा उरकल्यावर हा पांढरा हत्ती पोसायचा कोणी? दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. खेळ वेगळा आणि जागा वेगळी. रिंक म्हणजे खेळ मांडण्यापुरती भाड्याची ओसरी.

मला हे गृहीतकच उथळ वाटते. आइस हॉकीत रिंक हा खेळाचाच एक घटक आहे. सामना होणार की नाही, तो कसा खेळला जाणार आणि पुढच्या पिढीत तो कोण खेळणार, हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी रिंक सोडवते. म्हणून यजमान शहराने बांधलेल्या हॉलचे मोल उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही आणि अंतिम सामन्याच्या रात्रीही ठरत नाही. स्पर्धा संपल्यानंतरच्या वर्षांत त्या शहरातल्या मुलांना आणि हौशी खेळाडूंना खेळायला किती बर्फ मिळाला, यावरून ते ठरायला हवे. गेल्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासातून हे मत मी टप्प्याटप्प्याने मांडतो, आणि त्यावर येऊ शकणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देतो.

१. बर्फ टिकला तरच खेळ

फुटबॉल चिखलात खेळता येतो, क्रिकेटची ओली खेळपट्टी वाळेपर्यंत थांबता येते. आइस हॉकीत ही सवलत नाही. बर्फाचा वरचा थर सैल झाला, की पक नावाची रबरी चकती जागच्या जागी अडते, स्केटचे पाते रुतते आणि खेळ संपतो. या खेळाचे आधुनिक रूपच छताखाली जन्माला आले, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने झालेला सामना हा पहिला बंदिस्त सामना मानला जातो. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून तिथे लाकडाची सपाट चकती वापरली गेली. म्हणजे आज ज्या चकतीवरून हा खेळ ओळखला जातो, तिच्या सपाटपणाचे कारणच भिंती आणि त्यांच्या आत बसलेले लोक हे होते. त्या रिंकचा बर्फ नैसर्गिक होता. पण दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, जॉन गॅम्जी यांनी लंडनमध्ये ‘ग्लेशियारियम’ उघडून यंत्राने गोठवलेल्या बर्फावर स्केटिंग करता येते हे दाखवून दिले.

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९०८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला, तेव्हा छत आणि शीतयंत्र ही दोन्ही साधने हाताशी होती. तरीही आंतरराष्ट्रीय स्पर्धा डोंगराकडे गेल्या. पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ले आव्हाँ या छोट्या गावात, उघड्या नैसर्गिक बर्फावर झाली. ऑलिंपिकमधली पहिली आइस हॉकी मात्र १९२० साली अँटवर्पच्या ‘पाले द ग्लास’ या बंदिस्त हॉलमध्ये, उन्हाळी ऑलिंपिकचा भाग म्हणून खेळली गेली. त्यानंतरच्या दोन ऑलिंपिकांत खेळ पुन्हा बाहेर आला: १९२४ ला शामोनी आणि १९२८ ला सेंट मॉरिट्झ. स्पर्धास्थळे क्रमाक्रमाने सुधारत गेली, ही सरळ रेषेची समजूत इथेच मोडते. चार वर्षांत खेळ पुढे जाण्याऐवजी मागे गेला होता.

त्याचे कारण तंत्रज्ञानात सापडत नाही, ते स्पर्धेच्या रचनेत आहे. स्कीइंगला डोंगर लागतो, म्हणून हिवाळी ऑलिंपिक डोंगरातल्या पर्यटनगावांना मिळाले, आणि हॉकीला त्यांच्या मागून जावे लागले. हॉकी मुळात शहरी खेळ. त्याला हॉल लागतो, वीज लागते, संध्याकाळी कामावरून सुटून येणारा प्रेक्षक लागतो. या विसंगतीची किंमत लवकरच मोजावी लागली. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झला फोन नावाच्या उष्ण वाऱ्याने बर्फ इतका पाघळला, की १०,००० मीटरची स्पीड स्केटिंग शर्यत अर्ध्यातच सोडून द्यावी लागली. त्याहून बोलका प्रसंग १९३० च्या जागतिक अजिंक्यपदाचा. स्पर्धा शामोनीत सुरू झाली, हवा उबदार झाली, बर्फ वितळला आणि उरलेले सामने शहरांत हलवावे लागले. अंतिम सामना बर्लिनमध्ये झाला. तिथे कॅनडाने जर्मनीला ६–१ असे हरवले. जगातल्या सर्वोत्तम संघाचा निर्णय हवामानाने अडवला होता. तो शेवटी लागला तो यंत्राच्या बर्फावर.

जागतिक अजिंक्यपदाने हा धडा लवकर घेतला. पुढच्या काही वर्षांत ते प्राग, मिलान, लंडन अशा शहरांत गेले. ऑलिंपिकला मात्र वेळ लागला. १९३२ ला लेक प्लॅसिडमध्ये हिवाळी ऑलिंपिकचे काही सामने प्रथमच बंदिस्त हॉलमध्ये झाले, काही बाहेर. १९३६ ला गार्मिश-पार्टेनकिर्शेनमध्ये कृत्रिम बर्फ होता, पण मुख्य रिंकवर छत नव्हते, आणि काही सामने रिसरसे तलावावर झाले. १९४८ ला सेंट मॉरिट्झमध्ये खेळ पुन्हा आकाशाखाली आला. १९५२ च्या ऑस्लोतील योर्दाल आम्फीमध्ये आणि १९५६ च्या कोर्तिनात यंत्र होते, छत नव्हते. १९६० च्या स्क्वॉ व्हॅलीतील ब्लाइथ अरीनाला छत मिळाले, पण एक बाजू उघडीच राहिली. १९६४ च्या इन्सब्रुकपासून ऑलिंपिकची आइस हॉकी पूर्णपणे छताखाली आली. माँट्रियलच्या त्या सामन्याला तोपर्यंत ८९ वर्षे झाली होती.

छताने खेळाला काय दिले? सुखसोय ही त्यातली सर्वांत गौण गोष्ट. उघड्या रिंकवर वारा आणि ऊन एकाच बाजूला अन्याय करू नये म्हणून तिसऱ्या सत्राच्या मध्यावर संघांच्या बाजू बदलत. छत आल्यावर ती तडजोड लागेनाशी झाली. फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात तयार केलेले बर्फ तासून त्यावर पाण्याचा नवा थर देणारे यंत्र १९६० ला प्रथम ऑलिंपिकमध्ये आले, आणि प्रत्येक सत्राला जवळपास सारखा बर्फ मिळू लागला. म्हणजे छत आणि यंत्र यांनी मिळून खेळाला न्याय दिला. दोन संघांतला फरक कौशल्याचा आहे की वाऱ्याचा, हे त्यानंतरच खात्रीने सांगता येऊ लागले.

२. रिंकचे माप हाच डावपेच

दूरचित्रवाणीवर सगळ्या रिंक सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेतली रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे साधारण ६१ बाय २६ मीटर असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची रिंक दीर्घकाळ ६० बाय ३० मीटर होती. रुंदीतल्या चार मीटरच्या फरकामुळे दोनशेहून अधिक चौरस मीटर बर्फ वाढतो, आणि खेळाडू मात्र तेवढेच राहतात. कडेच्या फळ्यांपासून गोलपर्यंतचे अंतर वाढते, अंगावर जाऊन धडक द्यायला जास्त पळावे लागते, पास देणाऱ्याला क्षणभर अधिक मिळतो. कॅनडाची धडकेची हॉकी आणि युरोपची पासांची हॉकी हा भेद राष्ट्रीय स्वभावाचा म्हणून सांगितला जातो. त्यातला मोठा भाग बर्फाच्या रुंदीने घडवलेला आहे.

सोव्हिएत संघाचे उदाहरण पाहा. तिथे कॅनडाच्या पद्धतीची हॉकी संघटित स्वरूपात १९४६ मध्ये सुरू झाली. त्याआधीची परंपरा बँडीची: फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फावर अकरा-अकरा खेळाडूंनी चेंडूने खेळायचा खेळ. एवढ्या पसरलेल्या बर्फावर वाढलेल्या खेळाडूच्या पायांत वेग येतो आणि नजरेला दूरचा सहकारी दिसतो. हा संघ १९५४ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेत उतरला, कॅनडाला ७–२ असे हरवून विजेता ठरला, आणि दोन वर्षांनी कोर्तिनात ऑलिंपिक सुवर्णही घेऊन गेला. लोकांना तो चमत्कार वाटला. माझ्या मते तो विशाल बर्फावर घडलेल्या कौशल्याचा सरळ परिणाम होता.

१९७२ च्या कॅनडा–सोव्हिएत मालिकेत हे दोन बर्फ समोरासमोर आले. पहिले चार सामने माँट्रियल, टोराँटो, विनिपेग आणि व्हँकुव्हर येथे झाले, उरलेले चार मॉस्कोच्या लुझ्निकी क्रीडाप्रासादात. मॉस्कोतला बर्फ रुंद होता, आणि गोलमागे काचेऐवजी जाळी होती. तिच्यावर आदळलेला पक काचेवरून परततो तसा परतत नसे, त्याचा अंदाज नव्याने बांधावा लागे. रुंद बर्फ सोव्हिएतांना अनुकूल असेल, असा सर्वांचा होरा. मॉस्कोतला पहिला सामना कॅनडा हरलाही. पण पुढचे तिन्ही सामने त्याने जिंकले. शेवटच्या सामन्यात पॉल हेंडरसन यांचा निर्णायक गोल ३४ सेकंद उरले असताना झाला. यावरून रिंकचे महत्त्व खोटे ठरत नाही. रिंक निकाल ठरवत नाही. ती प्रश्न ठरवते. मॉस्कोत कॅनडाला वेगळा प्रश्न पडला होता, आणि तो सोडवण्यासाठी त्याला आपली सवय बदलावी लागली.

‘रुंद बर्फ म्हणजे मोकळा खेळ आणि भरपूर गोल’ ही दुसरी लोकप्रिय समजूतही तपासायला हवी. २०१० च्या व्हँकुव्हरमध्ये ऑलिंपिक हॉकी प्रथमच एनएचएल या उत्तर अमेरिकी व्यावसायिक लीगच्या अरुंद मापावर खेळली गेली. हॉलच्या आसनव्यवस्थेची फेरबांधणी टळून सुमारे १ कोटी कॅनेडियन डॉलर वाचले. त्या स्पर्धेत कॅनडाने सात सामन्यांत ३५ गोल केले. चार वर्षांनी सोचीच्या रुंद बर्फावर तोच देश सहा सामन्यांत १७ गोल करून आणि फक्त तीन स्वीकारून विजेता ठरला. एका संघावरून नियम काढता येत नाही. पण रुंद बर्फावर बचाव करणारे खेळाडू मध्यभागी दाटी करतात आणि आक्रमकांना निरुपद्रवी कडांवर फिरू देतात, हे प्रशिक्षकांना तोवर नीट उमगले होते. नंतर आंतरराष्ट्रीय महासंघानेच मोठ्या स्पर्धांसाठी अरुंद मापाकडे वळण घेतले, आणि २०२२ ची बीजिंग स्पर्धा अरुंद बर्फावर झाली. २०२६ च्या मिलान स्पर्धेआधी सांताज्युलिया हॉलचे बांधकाम रखडले, आणि तिथला बर्फ एनएचएलच्या मापापेक्षा सुमारे एक मीटरने आखूड असल्याची चर्चा जगभर झाली. ज्यांना रिंक म्हणजे निव्वळ जागा वाटते, त्यांना एका मीटरवर एवढी चर्चा का झाली हे सांगता येणार नाही.

३. बर्फ मागे कोणासाठी राहिला

आता तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. स्पर्धा संपल्यावर शीतयंत्र चालू ठेवायचे की बंद करायचे?

चांगल्या उत्तराचा नमुना म्हणजे फिनलंडचे तांपेरे शहर. १९६५ च्या जागतिक अजिंक्यपदासाठी तिथे हाकामेत्सा हॉल बांधला गेला. फिनलंडमधला तो पहिला बंदिस्त बर्फाचा हॉल. स्पर्धा गेली आणि हॉल इल्वेस व तप्पारा या स्थानिक क्लबांच्या दिनक्रमाचा भाग झाला. देशभर एकामागून एक हॉल उभे राहिले. फिनलंड १९९५ मध्ये प्रथम जगज्जेता झाला, आणि २०२२ मध्ये त्याच तांपेरे शहरात, नव्या नोकिया अरीनात, कॅनडाला ४–३ असे हरवून पुन्हा जगज्जेता झाला. त्याच वर्षी बीजिंगमध्ये त्याला पहिले ऑलिंपिक सुवर्णही मिळाले. एका हॉलने विजेतेपद मिळत नाही. पण गोठलेल्या तळ्यांचा हंगाम काही महिन्यांचा आणि बेभरवशाचा असतो. हॉलचा बर्फ वेळापत्रक देतो. वेळापत्रक असले की प्रशिक्षक टिकतो, पालक मुलाला पाठवतात, आणि दहा वर्षांनी संघ तयार होतो.

लेक प्लॅसिड हे दुसरे उदाहरण. २२ फेब्रुवारी १९८० रोजी तिथल्या रिंकवर अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंनी सोव्हिएत संघाला ४–३ असे हरवले, आणि त्या सामन्याची आठवण अजून निघते. मला मात्र १९८१ साल तितकेच महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने ऑलिंपिक सुविधा चालवण्यासाठी एक प्रादेशिक प्राधिकरण स्थापन केले. १९३२ चा हॉल आणि १९८० चा हॉल शेजारीशेजारी उभे राहिले, दोन्ही वापरात राहिले, आणि २०२३ ची जागतिक विद्यापीठ हिवाळी स्पर्धा त्याच गावात झाली. पराक्रम एका रात्रीचा होता. तो खेळाडूंचा वारसा बनला तो देखभालीच्या अंदाजपत्रकामुळे.

देखभाल चुकली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. ब्लाइथ अरीनाचे छत १९८३ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळले आणि तो हॉल पाडला गेला. प्रागच्या श्त्वानित्से बेटावरचा जुना रिंक-हॉल तर चेक हॉकीचे माहेर होता. १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने पहिले जागतिक विजेतेपद तिथेच जिंकले. दुर्लक्षाने तो खिळखिळा झाला आणि २०११ मध्ये जमीनदोस्त केला गेला. भावनिक महत्त्व इमारतीला वाचवत नाही. त्याच शहरात २००४ च्या जागतिक अजिंक्यपदासाठी बांधलेला हॉल मात्र २०१५ आणि २०२४ मध्ये पुन्हा त्याच स्पर्धेचे मुख्य ठिकाण ठरला. २०२४ च्या संपूर्ण स्पर्धेला ७,९७,७२७ प्रेक्षक आले, जो या स्पर्धेचा विक्रम आहे. ज्या देशात हॉकी रोज खेळली जाते, तिथे हॉल रिकामा राहत नाही.

सारायेव्होच्या झेत्रा हॉलचे प्रकरण या हिशेबात वेगळे ठेवावे लागते. १९८४ मध्ये तिथे ऑलिंपिकचा अंतिम सामना आणि समारोप झाला. १९९२ मध्ये शहराला वेढा पडला, हॉलवर तोफगोळे पडले. इमारत शवागार म्हणून वापरावी लागली आणि आसनांचे लाकूड शवपेट्यांसाठी गेले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मदतीने हॉल १९९९ मध्ये पुन्हा उभा राहिला. ‘पांढरा हत्ती’ ही शिवी प्रत्येक हॉलवर चिकटवणाऱ्यांनी झेत्राकडे पाहावे. युद्धातून सावरणाऱ्या शहराने इतक्या लवकर क्रीडागार पुन्हा उभारले, ते लोकांना एकत्र येण्याची जागा हवी होती म्हणून.

४. दुसरी रिंक ही यजमानाची खरी कसोटी

आजच्या ऑलिंपिकला किमान दोन रिंक लागतात: एक मोठी, अंतिम सामन्याची, दुसरी लहान, प्राथमिक फेरीची. वर्तमानपत्रे पहिलीबद्दल लिहितात. माझा आग्रह असा, की यजमानाची नियत दुसरीवरून ओळखावी.

मोठ्या हॉलला पुढे मोठा भाडेकरू लागतो. कॅलगरीचा सॅडलडोम १९८३ मध्ये उघडला तेव्हा फ्लेम्स हा एनएचएल संघ शहरात आलेला होता, म्हणून १९८८ च्या ऑलिंपिकनंतर हॉलचे काय होणार ही चिंता कोणाला पडली नाही. पण अशा हॉलमध्ये शेजारच्या वस्तीतली मुले रोज स्केटिंग करत नाहीत. ती जातात दुसऱ्या रिंकवर. २००२ च्या सॉल्ट लेक स्पर्धेतली प्रोव्हो शहराची पीक्स रिंक आणि २०१० च्या व्हँकुव्हरमधली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची थंडरबर्ड रिंक ही त्याची चांगली उदाहरणे. त्या सार्वजनिक आणि विद्यार्थ्यांच्या वापरासाठीच आखलेल्या होत्या. ऑलिंपिक तिथे काही दिवसांचे पाहुणे होते.

नॉर्वेने १९९४ मध्ये दुसऱ्या रिंकचा प्रश्न आगळ्या रीतीने सोडवला. योविक येथे डोंगर पोखरून ६२ मीटर रुंदीचे आणि पाच हजारांहून अधिक प्रेक्षकांचे भुयारी क्रीडागार तयार झाले. खडकाच्या पोटात तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहते, बाहेरच्या उन्हाळ्या-हिवाळ्याशी यंत्राला झगडावे लागत नाही. त्याच डोंगरात गावाचा भुयारी पोहण्याचा तलाव आधीच होता. म्हणजे गावाला भूगर्भातली जागा वापरण्याची सवय होती, आणि ऑलिंपिकने त्या सवयीला भर घातली. भव्यतेपेक्षा हा क्रम मला मोलाचा वाटतो: आधी गावाची गरज, मग स्पर्धा.

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: खेळाडू जिंकतात, भिंती जिंकत नाहीत. शामोनीच्या उघड्या बर्फावर १९२४ मध्ये कॅनडाने पाच सामन्यांत ११० गोल केले आणि फक्त तीन स्वीकारले. स्वित्झर्लंडला तर ३३–० असे हरवले. रिंक कोणतीही असती तरी कॅनडाच जिंकला असता. हे खरे आहे. पण तो संघ टोराँटो ग्रॅनाइट्स या शहरी क्लबचा होता, आणि त्यामागे छताखालच्या क्लब हॉकीची पन्नास वर्षे होती. १९३६ मध्ये ब्रिटनने कॅनडाला २–१ असे हरवून सुवर्ण मिळवले तेव्हा त्या संघातले बहुतेक खेळाडू हॉकी कॅनडात शिकलेले होते. सामना कोणत्या बर्फावर झाला याइतकेच, खेळाडू कोणत्या बर्फावर वाढला हे महत्त्वाचे. हा आक्षेप माझ्या मताला पाठिंबाच देतो.

दुसरा आक्षेप: छताने खेळाचा निसर्गाशी असलेला संबंध तोडला. मॉस्कोत १९५७ च्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा सामना लेनिन स्टेडियममध्ये उघड्यावर, सुमारे ५०,००० प्रेक्षकांसमोर झाला. सोव्हिएत संघाशी ४–४ अशी बरोबरी साधून स्वीडनने सुवर्ण नेले. असा सोहळा हॉलमध्ये होत नाही. मान्य. त्यासाठी नवा हॉल बांधायची गरजही नाही, हे २०१० मध्ये गेल्सेनकिर्शेनने दाखवले. तिथल्या फुटबॉल मैदानात तात्पुरती रिंक घालून जर्मनी–अमेरिका हा सलामीचा सामना झाला, आणि तो पाहायला ७७,८०३ लोक आले. सोहळा हवा असेल तर तो भाड्याच्या मैदानात करावा. कायमचा पैसा सरावाच्या बर्फावर खर्च व्हावा.

तिसरा आक्षेप: हॉल दुसऱ्या कामाला आला तर बिघडले काय? २००६ साठी तोरिनोत आराता इसोझाकी यांनी आखलेल्या हॉलमध्ये आता टेनिसची एटीपी अंतिम स्पर्धा होते. २०२२ ची युरोव्हिजन गीतस्पर्धाही तिथेच झाली. नागानोची ‘ॲक्वा विंग’ १९९८ नंतर जलतरण तलाव झाली. यात काहीच बिघडले नाही, उलट हे शहाणपणाचे निर्णय आहेत. माझे म्हणणे एवढेच, की अशा हॉलला हॉकीचा वारसा म्हणू नये. तो शहराला लाभला, खेळाला नाही. ज्या शहरात खेळाडूच नाहीत त्याने हे आधीच ओळखून तात्पुरती रिंक घालावी. तोरिनोनेच दुसऱ्या रिंकसाठी पिएर लुइजी नेर्व्ही यांचे जुने प्रदर्शन दालन वापरून ते केले होते.

चौथा आक्षेप सर्वांत बळकट आहे: व्यावसायिक संघांचे हॉल मुलांना बर्फ देत नाहीत, तरी तेच सर्वांत चांगले चालतात, मग ‘मुलांचे तास’ ही कसोटी अव्यवहार्य नाही का? माझे उत्तर असे. व्यावसायिक हॉल स्वतःच्या उत्पन्नावर चालत असेल तर त्याच्यावर ही कसोटी लादण्याचे कारण नाही. पण स्पर्धेच्या नावाने सार्वजनिक तिजोरीतून जो पैसा निघतो, त्यावर ती लागू व्हायलाच हवी. तो पैसा दुसऱ्या रिंकवर, सरावाच्या रिंकवर, शीतयंत्राच्या देखभालीवर आणि बर्फ बनवणाऱ्या कामगारांच्या पगारावर जावा. चांगला बर्फ हे कसबी माणसांचे काम आहे. सॉल्ट लेकचा बर्फ घालायला गेलेल्या पथकात एडमंटनचे ट्रेंट इव्हान्स होते. त्यांनी रिंकच्या मध्यभागी बर्फाखाली कॅनडाचे एक डॉलरचे नाणे पुरले, आणि कॅनडाच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तिथे सुवर्ण जिंकले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नाण्याचा योगायोग सोडून देऊ. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा बर्फ घालायला एडमंटनच्या हॉलमधला कारागीर लागला, हे मात्र लक्षात ठेवावे. असे कारागीर रोज चालणाऱ्या रिंकवरच तयार होतात.

६. आपल्यासमोरचा प्रश्न

हा सगळा विचार दूरदेशीचा नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक बांधली गेली. स्पर्धा संपली, वीज आणि देखभालीचा खर्च पेलेना, आणि रिंक वर्षानुवर्षे बंद पडली. ती पुन्हा उघडायला २०२५ उजाडले. त्याच काळात लडाखच्या मुली हिवाळ्यातले मोजके आठवडे गोठलेल्या तळ्यांवर सराव करत राहिल्या, आणि २०२५ मध्ये महिलांच्या आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले. जिथे हॉल होता तिथे खेळाडू नव्हते, आणि जिथे खेळाडू होते तिथे हॉल नव्हता. आधी स्पर्धा मिळवायची, मग हॉल बांधायचा आणि खेळाडूंचा विचार शेवटी करायचा, या उलट्या क्रमाचे हे फळ आहे.

लडाखचा नैसर्गिक बर्फ अधिक विश्वासार्ह होण्याची आशा कोणी धरू नये. तापमान वाढते आहे, आणि शामोनीने १९३० मध्ये जे अनुभवले ते आता अनेक ठिकाणी नित्याचे होईल. म्हणून लेह आणि कारगिलला भव्य क्रीडागाराची नाही, साध्या छताच्या, चालवायला परवडणाऱ्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघड्या राहणाऱ्या लहान रिंकची गरज आहे. त्यांचा चालवण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चासोबतच मंजूर झाला पाहिजे.

निष्कर्ष म्हणून एकच मागणी मांडतो. कोणत्याही देशाने, कोणत्याही शहराने आइस हॉकीच्या यजमानपदाचा प्रस्ताव दिला, तर त्याला प्रेक्षकसंख्या आणि छताचे चित्र विचारण्याआधी एक तक्ता मागावा: स्पर्धेनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत या बर्फावर दर आठवड्याला कोण, किती तास उतरणार, आणि विजेचे बिल कोण भरणार. ज्याच्याकडे हा तक्ता आहे त्याला स्पर्धा द्यावी. ज्याच्याकडे नाही, त्याने आधी एक सरावाची रिंक बांधून ती दहा वर्षे चालवून दाखवावी.